झिवाचा कोल्हा

नरेंद्र पोतनीसला गाण्याचं वेड नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शॉमबर्गमधल्या एका विमा कंपनीत तो सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करायचा. दिवसभर लोकांच्या चुका पाहून झाल्या की संध्याकाळी त्याला फक्त शांतता हवी असे. घरातला रेडिओ बायकोचा, सुनेत्राचा. टीव्ही सोळा वर्षांच्या मुलीचा, इलाचा. आणि नरेंद्रच्या वाट्याला बाल्कनी.

अशा माणसाने २००४च्या हिवाळ्यात खालच्या मजल्यावरच्या योसीकडून त्याची जुनी निळी गाडी घेतली. योसी इस्राएलचा. नोकरी संपवून बायकोमुलांसह परत हैफाला निघाला होता.

"गाडी एकदम फर्स्ट क्लास आहे," किल्ली देताना योसी म्हणाला. "प्लेयरमध्ये एक सीडी तेवढी अडकलीये. कधीकधी वाजते."

कधीकधी म्हणजे किल्ली फिरवली की. आवाज कमी करायचं बटण निखळून पडलेलं होतं आणि आतून एक बाई हिब्रूमध्ये अशा काही जोरात गायची की पार्किंगमधली कबुतरं उडायची. नरेंद्र गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेला. मेकॅनिकने डॅशबोर्ड उघडला, टॉर्च मारून डोकं आत घातलं.

"हे वायरिंग कुणी केलंय?"

"आधीच्या मालकाने. घरच्या घरी."

"वाटलंच. प्लेयर काढला तर हीटर बंद पडणार. हीटर ठेवला तर वायपर जाणार. सगळं एकमेकांत गुंतलंय."

"मग मी काय करू?"

मेकॅनिक बाहेर आला, हात पुसत दोन मिनिटं ऐकत उभा राहिला. "गाणं वाईट नाहीये की," तो म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला.

शिकागोच्या थंडीत हीटरवाचून गाडी चालवणं म्हणजे आत्महत्याच. नरेंद्रने गाणं पत्करलं.

ऑफिसला जाताना त्याच्याबरोबर चारुदत्त असायचा. चारुदत्त नागपूरचा, शेजारच्याच क्युबिकलमधला, आणि गप्प बसणं हे त्याच्या प्रकृतीलाच मानवत नसे. पहिल्या आठवड्यात तो गाण्यावर ओरडून बोलायचा. दुसऱ्या आठवड्यात ओरडून ओरडून त्याचा घसा बसला आणि नाइलाजाने तो ऐकू लागला.

"अबे, ही कोल्ह्याबद्दल गाते आहे," एके दिवशी तो म्हणाला.

"काय?"

"ऐक ना बे. चौथं गाणं."

चौथ्या गाण्यात सीडीला चरा पडलेला होता. बाई मोठ्या आर्ततेने सुरुवात करायची आणि तिथेच अडकायची: "कोल हा, कोल हा, कोल हा..." मग एक हिसका बसला की गाडी पुढे सरकायची. गाण्याची म्हणतोय मी. पुढे धृपदात "मी आनी, मी आनी" असं काहीतरी होतं.

"कोल्हा, कोल्हा, कोल्हा. मी आणि, मी आणि," चारुदत्त गुणगुणला. "मी आणि कोल्हा. प्रेमकथा आहे यार."

"ते हिब्रू आहे, चारू."

"असू दे ना. कोल्हे तिकडे पण असतात."

मार्च उजाडेपर्यंत दोघांनाही सीडी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ झाली. नरेंद्रला ते कळलं ते मात्र सुनेत्राकडून. तो दाढी करत होता आणि ती बाथरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"तू गातोयस," ती म्हणाली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. तिने हे दृश्य पाहिलं नव्हतं.

"नाही," नरेंद्र म्हणाला आणि खरोखरच त्याला वाटलं की आपण गात नव्हतो.

पण रोग तिथे थांबला नाही. सुनेत्राला किराणा आणायला नरेंद्रबरोबर त्याच गाडीतून जावं लागे. आठवडाभरात ती पोळ्या लाटताना "मी आनी" म्हणू लागली. मराठी शाळेच्या मुलांना रविवारी घरोघर सोडायचं काम नरेंद्रकडे होतं. ती मुलं गाडीतून उतरताना कोल्हा कोल्हा करत उतरायची. त्यांचे आईबाप विचारायला फोन करत आणि फोनवरच चाल शिकून घेत. इला तेवढी सिग्नलला गाडी थांबली की सीटवरून खाली सरकायची. "बाबा, पीपल आर लुकिंग!" पण तिचं पाऊलही ठेक्यात हलायचं.

शेवटी लोक सीडीची कॉपी मागू लागले. सीडी तर गाडीच्या पोटात. चारुदत्तने त्यावर उपाय काढला. एका संध्याकाळी ऑफिसमधून परतताना त्याने डॅशबोर्डवर टेप रेकॉर्डर ठेवला आणि सगळी गाणी उतरवून घेतली. त्या दिवशी नेमका पाऊस होता. त्यामुळे प्रत्येक गाण्यामागे वायपरची खरखर होती, दुसऱ्या गाण्यात इंडिकेटरची टिकटिक होती, आणि चौथ्या गाण्यात, कोल्हा संपून बाई जिथे सर्वांत उंच सूर लावते, तिथे चारुदत्तचा आवाज होता: "अबे लेफ्ट घे, लेफ्ट घे ना बे!"

ती टेप शॉमबर्गच्या मराठी मंडळातल्या घराघरांत गेली. लोकांना तीच मूळ वाटली.

आता मंडळाचे अध्यक्ष मनोहर काका. वय सत्तरीचं, मूळचे अलिबागचे, आणि मंडळात मराठीखेरीज एक अक्षर चालणार नाही असा ठराव त्यांनीच पास करून घेतलेला. गणपतीच्या आरतीनंतर बायकांनी कोल्हा सुरू केला तेव्हा काकांनी ताबडतोब कमिटीची मीटिंग बोलावली. नरेंद्रला आरोपी म्हणून बोलावलं होतं.

"हे मराठी आहे का?" काकांनी विचारलं.

"नाही, काका," नरेंद्र खरं ते बोलला.

"थांब, घाई करू नकोस. शब्द सांग."

नरेंद्रने शब्द सांगितले. काका बोटांवर मोजत राहिले. "मी. आनी. कोल्हा. तीन शब्द तर इथेच झाले. आपल्या पोरांच्या बोलण्यात एवढे सापडतात का?"

कमिटीने माना डोलावल्या.

"आणि दुसरं असं," काका पुढे सरसावले, "अलिबागला आमच्या घराला लागून शनवार तेल्याचं घर होतं. म्हणजे आपले बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. उत्तम मराठी बोलायची माणसं. पुढे ती तिकडे इस्राएलला गेली. म्हणजे हे गाणं फार तर आमच्या शेजारच्या घरातलं झालं. शेजारच्यांना परकं म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही."

ठराव झाला: गाणं मराठी समजावं. खरी गोष्ट अशी की काकांच्या नातवाने ती टेप त्यांच्या वॉकमनमध्ये घालून दिली होती आणि तेव्हापासून काका सकाळी फिरायला दुप्पट लांब जाऊ लागले होते.

दिवाळीच्या कार्यक्रमाला पुण्याचे एक गायक येणार होते. त्यांचा व्हिसा ऐनवेळी नाकारला गेला. हॉल ठरलेला, तिकिटं गेलेली. मीटिंगमध्ये सगळे हवालदिल होऊन बसले होते तेव्हा सुनेत्रा सहज म्हणून गेली, "मग तिलाच बोलवा की."

"कुणाला?"

"कोल्हावालीला."

ती कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नरेंद्रने योसीला ईमेल केली. योसीचं उत्तर आलं: तिचं नाव झिवा कार्मोन. माझ्या बायकोची मावसबहीण. तो तिचा एकुलता एक अल्बम, सपशेल पडलेला. आमच्या माळ्यावर अजून न खपलेल्या सीडींची खोकी आहेत. हल्ली ती अश्दोदला गाडी चालवायला शिकवते. तुम्ही चेष्टा करत असाल तर कृपा करून तिला फोन करू नका, ती आधीच फार सोसून बसलीये.

फोन कुणी करायचा यावर बरीच चर्चा झाली आणि गाडीचा मालक म्हणून तो नरेंद्रच्या गळ्यात पडला. त्याने रविवारी सकाळी लावला. पलीकडून बसका, खरखरीत आवाज आला. नरेंद्रने इंग्रजीत सांगितलं की आम्ही शिकागोजवळचे भारतीय लोक, तुमच्या गाण्यांचे चाहते, तुम्ही याल का?

"हे कोणी सांगितलं करायला?" ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याने? घटस्फोट झालाय आमचा. त्याला म्हणावं, आता हसून झालं असेल."

"नाही, खरंच. आम्हाला गाणी पाठ आहेत."

"पाठ आहेत. बरं. म्हणून दाखवा."

नरेंद्रने खोलीत पाहिलं. सुनेत्रा, इला, चारुदत्त, काका, सगळे त्याच्याकडे बघत होते. शाळेत वंदे मातरमलासुद्धा तो नुसते ओठ हलवायचा. त्याने डोळे मिटले आणि फोनमध्ये गायला सुरुवात केली. कोल्हा तीनदा झाला, धृपद झालं, लेफ्ट घे झालं. घाम फुटला होता, पण मध्ये थांबणं त्याला बरं दिसेना, म्हणून त्याने शेवटपर्यंत म्हटलं.

 पलीकडून रडणं म्हणावं की हसणं असा काहीसा आवाज आला.

"तुम्ही फार वाईट गाता," झिवा म्हणाली. "मी येते."

ती आली तेव्हा विमानतळावर तिला ओळखायची पंचाईत झाली. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कुणी सडपातळ सुंदरी होती. आली ती पन्नाशीची, रुंद खांद्यांची, जीन्स आणि मोठा चष्मा घातलेली बाई. मंडळातल्या प्रतिमाकाकूंनी तिचं औक्षण केलं तेव्हा तिने निरांजन फुंकर मारून विझवलं. वाढदिवस समजली बिचारी.

कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये होता. पैठण्या, जरीचे कुर्ते, मागे चकल्यांचा वास. झिवा स्टेजवर आली आणि समोरचा तुडुंब हॉल बघून मायक्रोफोन उगाच वरखाली करत राहिली. मग म्हणाली, "मी आधी एक नवं गाणं म्हणते."

नवं गाणं चांगलं होतं. लोकांनी ते, एखाद्या यजमानाच्या मुलीची कविता ऐकावी तसं, सोसून ऐकलं. टाळ्या पडल्या आणि मागून कुणीतरी ओरडलं, "कोल्हा!"

तिने सूर लावला. "कोल हायोम..." तिने म्हटलं आणि ती पुढे निघून गेली. पण हॉल पुढे गेला नाही. अख्खा हॉल एकसुरात "कोल हा, कोल हा, कोल हा" करत मागेच राहिला. झिवा थांबली. हॉल "मी आनी"पर्यंत पोचून तिची वाट बघू लागला.

"चूक झाली तिची," पहिल्या रांगेतल्या प्रतिमाकाकू शेजारणीला म्हणाल्या. "जाऊ दे, दमली असेल प्रवासाने."

तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने हळूच नरेंद्रकडे पाहिलं. तो विंगेत उभा होता. त्याने तीन बोटं दाखवली. झिवाने मान डोलावली आणि स्वतःचं गाणं शॉमबर्गच्या पद्धतीने म्हटलं: कोल हा, कोल हा, कोल हा, हिसका, आणि पुढे. हॉल उठून उभा राहिला. आणि तिने तो सर्वांत उंच सूर लावला तेव्हा पैठण्या नेसलेल्या साऱ्या बायका हात वर करून गर्जल्या, "अबे लेफ्ट घे, लेफ्ट घे ना बे!" चारुदत्तच्या डोळ्यांत पाणी होतं. आपला आवाज चारशे तोंडांतून ऐकायचं भाग्य कुणाला लाभतं?

गाणं सहा वेळा झालं.

नंतर फराळाच्या टेबलाशी मनोहर काकांनी तिला गाठलं. "मॅडम, शेवटी त्या कोल्ह्याचं काय होतं?"

"कसला कोल्हा?"

नरेंद्रने इंग्रजीत समजावलं. झिवा हातात करंजी धरून विचारात पडली. "त्यात कोल्हा नाहीये. 'कोल हायोम' म्हणजे दिवसभर. दिवसभर मी बसस्टॉपवर वाट बघते. 'मी आनी' म्हणजे मी कोण आहे. बस येत नाही, तोही येत नाही, आणि मी कोण तेच मला कळेनासं होतं."

काकांनी तिच्यापुढे चकल्यांचं ताट सरकवलं. मग अत्यंत प्रेमाने म्हणाले, "तुम्ही लहान होतात तेव्हा. लिहिलं असेल तसं. पण अर्थ कोल्ह्याचाच आहे."

नरेंद्रला वाटलं, आता ही चिडणार. पण तिने करंजी खाल्ली आणि म्हणाली, "तिकडे मी लग्नांत गायचे. लोक जेवत असायचे. एकदा एकाने मला मीठ मागितलं, भर गाण्यात." मग काकांकडे वळून, "तो कोल्हा सुटतो. शेवटी तो सुटतो."

"मी म्हणत नव्हतो का!" काका म्हणाले.

झिवा पोतनिसांकडेच उतरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बोलता बोलता तिला कळलं की सुनेत्रा गाडी चालवत नाही. शिकाऊ परमिट ती दर वेळी नवं करून ठेवायची, पण अकरा वर्षांपूर्वी एकदा नरेंद्रने शिकवायला घेतलं आणि पहिल्याच वळणावर दोघांचं इतकं भांडण झालं की विषय कायमचा मिटला.

"नवऱ्याने शिकवायचं नसतं," झिवा म्हणाली. तिचा आवाज एकदम बदलला, कडक आणि धंदेवाईक झाला. "विमान दुपारचं आहे. चल, तू मला विमानतळावर सोड."

"मी? हायवेवर?"

"तुम्ही मागे बसा," ती नरेंद्रला म्हणाली. "आणि तोंडातून शब्द काढायचा नाही."

नरेंद्र मागे बसला. गाणी ठणाणा वाजत होती आणि झिवा स्वतःच्या आवाजावर आवाज चढवून सूचना देत होती: आरसा बघ, वेग वाढव, ट्रकला घाबरू नकोस, तोच तुला घाबरलाय. सुनेत्राने स्टिअरिंग घट्ट आवळून धरलं होतं आणि गाडी सरळ रेषेत चालली होती. विमानतळावर झिवाने उतरून तिला मिठी मारली आणि नरेंद्रशी हात मिळवला.  "ये परत," तो चक्क मराठीत म्हणाला. ती समजल्यासारखी हसली आणि आत गेली.

नरेंद्र ड्रायव्हरच्या दाराशी आला. सुनेत्राने काच खाली केली नाही. हाताने त्याला पलीकडच्या सीटची खूण केली.

ती हायवेला लागली आणि मधल्या लेनमध्ये जाऊन बसली. घराकडची एक्झिट आली आणि गेली. नरेंद्र काही बोलला नाही. सक्त ताकीद होती. पुढचीही गेली. पाट्यांवर शेजारच्या राज्यातलं मिलवॉकी लिहिलेलं दिसू लागलं तेव्हा मात्र त्याला राहवेना.

"सुनेत्रा, आपलं घर मागे राहिलं."

"माहितीये," ती समोर नजर ठेवून म्हणाली. "तिने मला सरळ जायला शिकवलं. लेन बदलायला वेळच नाही उरला."

"मग आता?"

"पेट्रोल किती आहे?"

नरेंद्रने काट्याकडे पाहिलं. "बरंच आहे."

"मग बस शांत," सुनेत्रा म्हणाली आणि विस्कॉन्सिनमध्ये शिरली.