गोंदाचा फुगवटा

हिरोनोरी कुरोगीने नव्या सुटाची मापं देऊन टाकली, तेव्हाच त्याच्या बायकोच्या, फुसाएच्या, डोक्यात तिडीक गेली होती. किडा तांदळाच्या निम्म्या दाण्याएवढा, आणि त्याच्यापायी सूट!

किडा म्हणजे गुनबाय. सुमो कुस्तीच्या पंचाच्या हातातल्या पंख्यासारखा दिसतो म्हणून हे नाव. सगळं अंग जाळीचं, पोट पानांच्या रसावर. बागेतल्या अझेलियावरचे गुनबाय माळ्यांच्या शिव्या खातात, पण रानातल्यांकडे कोण ढुंकून बघतो? असाच एक निचिनान गावामागच्या डोंगरात हिरोनोरीला सापडला. गावच्या कीटक मंडळाचे अध्यक्ष हिदाका सर यांनी तो पाहिला आणि नवीन जात म्हणून जाहीर करून टाकला. बाकी गुनबायांच्या डोक्यावरच्या टोपीची जाळी उघडी असते, याची बंद! नाव द्यायचं ठरलं कुरोगीचं, तेही समारंभ करून.

हिदाका सर म्हणजे मोठं प्रस्थ. ते बोलले की सगळं मंडळ माना डोलावून "फार शिकायला मिळालं" म्हणे. वडीलधाऱ्या माणसाला "चुकलात" म्हणायची तिथे रीतच नव्हती. फार तर "अजून थोडा विचार व्हावा" असं कुणी पुटपुटे, तेही चहा संपल्यावर.

मंडळाच्या अंकात किड्याचं वर्णन छापायचं होतं, त्यासाठी चित्र काढायचं काम फुसाएकडे आलं. मंडळाची सगळी चित्रं तीच काढायची आणि आभार नवऱ्याचे छापले जायचे. टोपीच्या जाळीचं एकेक घर रेखायला ती सूक्ष्मदर्शकावर वाकली, आणि त्या बंद जाळीत तिला हवेचा बुडबुडा दिसला. बंद कसली, वाळलेला गोंद होता तो! कागदाच्या त्रिकोणावर किडा चिकटवताना बाकीचे सुईच्या टोकाने गोंद लावत. हिरोनोरी भिंतीला टाइल बसवल्यासारखा थापायचा.

"अहो, इकडे या जरा."

"सूट घालून बघतोय, थांब."

"हा फुगवटा गोंदाचा आहे."

आरशासमोरूनच तो म्हणाला, "हिदाका सरांनी स्वतः पाहिलंय."

"हिदाका सरांना भिंगातून स्वतःच्या पापण्या दिसतात!"

"हळू बोल गं, शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. किड्याचा ठसा मारलेले गोड मांजू गावभर वाटत फिरलात, तेव्हा नाही लाजलात?"

तो खुर्ची ओढून जवळ बसला. "काढ ना तसंच. फुगवट्यासकट. या किड्याकडे पुन्हा कोण बघणार आहे?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्या दिवशी गोंद जरा जास्त पडला. पण सर एवढे खूश झाले, त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?"

"छान. गोंदालाच तुमचं नाव देतायत."

जन्मभर लोकांच्या पाण्याची मीटरं वाचलेला माणूस. आता कुठे त्याचं नाव जगभरच्या पुस्तकांत जाणार होतं, आणि पुन्हा काही ही संधी येणार नव्हती. फुसाएला त्याची कीव आली. पण खोट्या टोपीचं चित्र आपल्या हातून काढून घ्यायला बसलाय, हे आठवून राग त्याहून जास्त आला.

"नको गं," तो म्हणाला.

तिने कुंचल्याने कोमट पाण्याचा थेंब सोडला. गोंद पांढुरका झाला, सुटला. खालून उंच, निमुळती टोपी निघाली, जाळी लख्ख उघडी, पाठीवर तपकिरी पट्टा. फुसाएने ती जात ओळखली. युद्धाआधी अमामी बेटावर सापडलेल्या एकुलत्या एका मादीवरून कुणीतरी या जातीचं जेमतेम दहा ओळींत वर्णन केलं होतं. त्यानंतर ती कुणालाच दिसली नव्हती. आणि याच्या पोटाच्या टोकाला तर मादीला धरायचे, नराचे आकडे होते.

"अहो! याचा नर आजवर कुणीच पाहिला नव्हता! तुम्हाला सापडला! या, बघा!"

"म्हणजे नाव आधीच आहे त्याला?"

"आहे. पण बघा तरी, काय देखणी टोपी आहे!"

त्याने कोट उतरवला आणि खांदे जुळवून हँगरला लावला.

"सरांना तूच कळव," म्हणाला, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बेसबॉलचा सामना लावून बसला.

फुसाएने आणखी दोनदा हाक मारली. तो आला नाही. आमच्या यांना किड्यांचं भारी वेड हो, असं ती लग्न झाल्यापासून ज्याला त्याला कौतुकाने सांगत आली होती. असं सांगत फिरणाऱ्या त्या बावळट बाईचा तिला आता मनस्वी राग आला.