कान ठेवजो

"पापा, ये टोपी छोटी पड़ रही है. बाहर की आवाज़ आ रही है ना?"

राधिकानं माझ्या कानातली इअरफोनची ती काळी गोळी उपसली, तिच्या तोंडावरची रबराची टोपी काढली आणि जरा जाडी टोपी चढवली. माझी पोरगी मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच देते. एकोणतीस वर्षांची झाली, आता कुठं तिला सुधारायला जाऊ.

पंडरी बाजारातल्या त्या दुकानात आम्ही तासभर बसलो होतो. काउंटरवर तीन डब्या उघड्या होत्या. माझ्या रिटायरमेंटची भेट म्हणून राधिका मला चांगला इअरफोन घेऊन देणार होती. मी आधी नाहीच म्हटलं होतं. मोबाइलसोबत मिळालेला एक घरी होता, तो काही वाईट वाजत नव्हता. मग दुकानदार भार्गव म्हणाला, "बाबूजी, स्टेज पे सिंगर लोग यही पहनते हैं. खुद की आवाज़ सुनने के लिए." तिथं मी पाघळलो. खोटं कशाला बोलू, स्वतःचा आवाज ऐकायची मला जन्मभराची हौस आहे.

"जो गाना सबसे ज़्यादा सुना हो, वही लगाइए," भार्गवनं सांगितलं. "नया गाना लगाओगे तो समझेगा नहीं कि क्या गाने में है और क्या इसमें."

हे मला लगेच पटलं. मी छत्तीस वर्षं रेल्वेत गाड्यांची चाकं ठोकली. गाडी यार्डात उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेका चाकावर मारायची आणि ऐकायचं. चाक धड असलं की टण्ण वाजतं, बारीक चीर असली की आवाज मध्येच बसतो. बसला की त्या चाकावर खडूची फुली मारायची आणि डबा बाजूला काढायचा. माझ्या कानातून एकही चीर सुटली नाही. साहेब लोक म्हणायचे, मारोतीचा कान खोटं बोलत नाही. हे सगळं मी राधिकाला शंभरदा ऐकवलं असेल. भार्गवलाही ऐकवलं.

सगळ्यात जास्त ऐकलेलं गाणं म्हणजे माझंच. एकोणतीस वर्षांपूर्वी घरी पेटी घेऊन बसलो होतो आणि एक भजन कॅसेटवर भरलं होतं. रेल्वेच्या गायन स्पर्धेसाठी ती कॅसेट पाठवायची होती. पहिलं बक्षीस आलं, कॅसेटही परत मिळाली. परीक्षकांनी कागदावर लिहून दिलं होतं की दुसऱ्या अंतऱ्यात आवाज ज्या तडफेनं चढतो, तिथं भक्ती दिसते. तो कागद अजून कपाटात आहे. राधिकानं ती कॅसेट मोबाइलमध्ये उतरवून दिली, तेव्हापासून मी ते रोज ऐकत आलो.

पहिल्या डबीतल्यानं माझ्या पेटीचा पार डीजे करून टाकला. तो मी काढून ठेवला. दुसरा फार गोड होता. आवाज असा उजळून आला, की हा पोट्टा कोण इतका छान गाऊन राहिला, असं वाटलं. मी हाच द्या म्हणणार होतो. भार्गव म्हणाला, तिसरा पण ऐका, हा सगळं उघडून दाखवतो.

तिसऱ्यात पेटीच्या भात्याचा श्वास आला. पंख्याची टकटक आली. तो जुना पंखा मी विसरूनच गेलो होतो. गल्लीतून सायकल गेली तीही आली. मी हसत होतो. दुसरा अंतरा लागला आणि माझ्या पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "मारोती."

मी मान वळवून बघितलं. मागं मोबाइलची कव्हरं टांगलेली होती.

"ए मारोती." मग थोड्या वेळानं, "पाणी दे रे."

ते नाना होते, माझे वडील. कॅसेटमध्ये मी गातच होतो.

"क्या हुआ पापा?" राधिकानं माझ्या हातातून इअरफोन घेतला, गाणं थोडं मागं नेलं आणि स्वतःच्या कानात घातला. मी तिच्या तोंडाकडं बघत बसलो. ऐकून ती म्हणाली, "अरे, पीछे कोई आपको आवाज़ दे रहा है. तीन बार. पानी माँग रहा है. ये कौन है?"

"शेजारचं कोणी असन," मी म्हणालो.

आजोबांचा आवाज ती ओळखणार कशी? ती जन्मली त्याच्या बारा दिवस आधीच नाना गेले, आणि ज्या दिवशी ती कॅसेट भरली त्याच दिवशी गेले. माझी बायको रमा बाळंतपणाला माहेरी गोंदियाला होती. नाना आतल्या खोलीत अंथरुणावर होते. माझी बहीण पद्मिनी महिनाभर त्यांचं सगळं करून दोन दिवसांपूर्वीच वर्ध्याला परत गेली होती. स्टेशनावर खिडकीतून तिनं एकच गोष्ट सांगितली होती, "दादा, नानाकडे कान ठेवजो." मी दुपारी पुढल्या खोलीत गाणं भरलं. निघताना आत डोकावलो, नाना भिंतीकडं तोंड करून झोपलेले दिसले. कॅसेट ऑफिसात देऊन साडेसहाला परत आलो तेव्हा ते गार पडले होते.

पद्मिनी आली तेव्हा तिनं विचारलं होतं, "हाक नाही मारली का रे त्यांनी?" मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "मी बाजूच्या खोलीत होतो पद्मे. हाक मारली असती अन् मले ऐकू आली नसती, असं होईन का?" माझ्या कानाची ख्याती तिलाही माहीत होती. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

"दुसरावाला देऊन टाका," मी भार्गवला म्हणालो.

त्यानं डबी बांधली. राधिका स्कूटी काढायला बाहेर गेली. मी पायरीपर्यंत आलो आणि पाय पुढं पडेना. ज्या चाकाचा आवाज एकदा बसलेला ऐकला, ते चाक मी कधी फुली न मारता जाऊ दिलं नव्हतं. साहेबानं दटावलं तरी नाही. मी परत फिरलो आणि म्हटलं, "भैया, बदल दो. वो तीसरा दे दो."

दुसऱ्या दिवशी दुपारी, गुढियारीतल्या आमच्या त्याच घरात, त्याच पुढल्या खोलीत मी तो कानात घालून बसलो. दुसरा अंतरा आला. पहिली हाक आली. मग दुसरी, आणि त्या दुसऱ्या हाकेवरच माझा आवाज चढला. तीच ती तडफ. मी मागं नेऊन चारदा ऐकलं. हाक येते आणि गाणारा त्या हाकेच्या वर आवाज नेतो. मला त्या दिवशी ऐकू आलं होतं का? देवाशपथ, मला आठवत नाही.

पाचव्यांदा तिसरी हाक आली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आलो, नाना." मी उठलो, पाण्याचा पेला भरला आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी नेऊन ठेवला.

रमानं स्वयंपाकघरातून बघितलं. "कोणाले पाणी नेऊन राहिले हो?"

"कोणाले नाही," मी म्हणालो.

परत येऊन पुन्हा लावलं तर हाका दोनच होत्या. पाणी दे रे, हे नव्हतंच. कानात बोटं घालून टोप्या दाबल्या, जाड्या लावल्या, बारीक लावल्या. दोनच. आणि त्या दोनही आता आतल्या खोलीतून येत नव्हत्या, दाराशी उभं राहून कोणी बोलावं तशा येत होत्या. त्यांनाही मी आलो म्हणालो.

त्या संध्याकाळी मी पद्मिनीला फोन लावला. "नानानं हाक मारली होती," मी सांगितलं. कॅसेटची सगळी हकिकत सांगितली.

"किती डाव मारली?" तिनं विचारलं.

"तीन."

"पाणीच मागत असन," पद्मिनी म्हणाली. "त्यायच्या घशाले दुपारी कोरड पडे. मी उशाशी तांब्या ठेवत होती." मग म्हणाली, "मी येतो. मले त्यायचा आवाज ऐकायचा आहे. तसाच ठेवजो, दादा."

मी न ऐकता तसंच ठेवायला हवं होतं. पण हाक आहे की नाही, हे बघितल्याशिवाय मला राहवेना. दुसऱ्या दिवशी लावलं तर एकच होती, फक्त मारोती, अगदी कानाच्या पाळीशी. मला त्यांचा दम्याचा श्वास ऐकू आला. मी पुन्हा आलो म्हणालो. न म्हणून कसं चालेल, सांगा? बाप हाक मारतो आणि मी दुसऱ्यांदा गप्प बसू? पेला भरून ठेवला. त्यानंतर मी मोबाइलला हात लावला नाही.

पद्मिनी तिसऱ्या दिवशी आली. चहासुद्धा घेतला नाही. मी तिच्या कानात इअरफोन नीट बसवून दिला, तार कानामागून नेली, जशी राधिकानं माझी नेली होती. तिनं डोळे मिटले. पूर्ण गाणं तिनं ऐकलं, मग मागं नेऊन पुन्हा ऐकलं. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो.

"काहीच नाही, दादा," ती म्हणाली. "पंखा आहे. सायकल गेली एक. बाकी तूच गाऊन राहिला फक्त."

मी तिच्याकडून घेऊन लावलं. खरंच काही नव्हतं. राधिकानं ऐकलं होतं, तिला फोन करून विचार, असं मी म्हणू लागलो तर पद्मिनीनं हातानंच थांबवलं.

"तुले खोटं कोण म्हणून राहिलं? पण एक सांग. इथं दुसऱ्या अंतऱ्यात तू एकदम इतक्या जोरानं काहून गायला?"

परीक्षकांचा कागद कपाटात होता. मी तो काढला नाही.

"तिथंच दुसरी हाक होती," मी म्हणालो.

तिला रडू आलं नाही, मलाच आलं. एकोणतीस वर्षांनी ऐकायला मिळणारा बापाचा आवाज मी एकट्यानं ऐकून संपवला होता, आणि तिच्या वाट्याला माझी तडफ तेवढी ठेवली होती.

थोड्या वेळानं पद्मिनी उठली. उंबऱ्याशी पेला होता तो उचलला, शिळं पाणी तुळशीत टाकलं आणि ताजं भरून आतल्या खोलीत घेऊन गेली. तिच्यामागं दार लोटलं गेलं. रमा काही विचारायला बाहेर आली, तिला मी खुणेनं गप्प बस म्हटलं. पंखा बंद केला. मोबाइल बंद केला. आतल्या खोलीच्या दाराशी जमिनीवर बसलो आणि तिकडं कान ठेवला.