दाराबाहेरचा बाप

डॉक्टर म्हणजे सुई टोचणारे नव्हेत, मनाचे डॉक्टर. पूर्वी ते एका लहानशा खोलीत बसायचे. दोन खुर्च्या, मध्ये रुमालांचा खोका आणि खिडकीला जाड पडदा. दिवसभर लोकांची रडगाणी ऐकायची आणि मोजकं बोलायचं, हा त्यांचा धंदा. मग एका वाहिनीवर सकाळच्या कार्यक्रमाचे तज्ज्ञ ऐनवेळी आजारी पडले, यांना धावपळीत बोलावणं गेलं आणि नशीब फळफळलं. 'डॉक्टर, नवरा बोलत नाही', 'डॉक्टर, मुलगा ऐकत नाही', असे फोन यायचे आणि जाहिरात लागायच्या आत डॉक्टर उपाय सांगून मोकळे व्हायचे. खोलीत जी गाठ सोडवायला वर्ष जायचं, ती इथे चहा निवायच्या आत सुटायला लागली. निदान सुटल्यासारखी दिसायला लागली.

पुढे वाहिनीनं कार्यक्रम गुंडाळला. तोवर डॉक्टरांची ऐकायची सवय सुटली होती आणि बोलायची जडली होती. मग काय, सभागृहं सुरू झाली. बँकवाले बोलवायचे, विमावाले बोलवायचे, शाळावाले तर रांग लावायचे. कानाला बारीक माइक अडकवून डॉक्टर व्यासपीठावर फेऱ्या मारायचे आणि लोकांना हसवायचे, रडवायचे, उभं करायचे. त्यांच्या भाषणात एक गोष्ट हमखास असायची. दाराची गोष्ट. सोळा वर्षांची मुलगी परीक्षेचा निकाल लागल्यावर न्हाणीघरात शिरून कडी लावून घेते. बाप दाराबाहेर थंडगार फरशीवर बसतो आणि बोलत राहतो, बोलत राहतो, आणि शेवटी कडी निघते. इथे सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज यायचे. गोष्टीतला बाप म्हणजे डॉक्टर आणि मुलगी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, माऊ.

ही गोष्ट पहिल्यांदा टीव्हीवर सांगितली गेली, तेव्हा माऊ कॉलेजात होती. डॉक्टरांनी नाव घेतलं नव्हतं, पण डॉक्टरांना मुलगी एकच हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वर्गात तिला बघून लोक दबक्या आवाजात बोलायला लागले. तिनं एकदा विनवलं, एकदा भांडून बघितलं आणि मग परगावी नोकरी धरली, दातांच्या दवाखान्यात. तिथून ती आईला फोन करायची, बापाला नाही. डॉक्टर लोकांना तुटलेली नाती जोडून द्यायचे आणि स्वतःच्या पोरीचा आवाज बायकोच्या फोनमधून चोरून ऐकायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आणि अचानक एका रविवारी माऊचा फोन थेट डॉक्टरांना आला.

"बाबा, मी लग्न करतेय. साधंच, नोंदणी करून. तुम्ही यावं असं मला वाटतंय."

डॉक्टर फोन कानाला दाबून खुर्चीतून उठून उभे राहिले.

"पण त्याआधी मला एकदा तुमच्या कार्यक्रमाला यायचंय," माऊ म्हणाली. "मागे नाही, पुढे बसेन. मला बघायचंय, माझ्याबद्दल न बोलता तुम्हाला बोलता येतं का. एवढंच. तेवढं जमलं तर सगळं विसरले मी."

"अगं, न जमायला काय झालं! तुझी शपथ!" डॉक्टर म्हणाले. फोन ठेवल्यावर ते स्वयंपाकघरात गेले आणि बायकोच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडले. ते रडणं खरं होतं. बायको मात्र एवढंच म्हणाली, "अहो, शपथ कशाला घेतलीत? नुसतं हो म्हणायचं होतं."

डॉक्टरांनी मनापासून तयारी केली, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. दाराची गोष्ट त्यांनी भाषणातून उपटून काढली आणि तिच्या जागी एका गवंड्याची गोष्ट बसवली. आरशासमोर ती पुन्हापुन्हा घोकली. मॅनेजरला बजावलं, "आज दार नाही." मॅनेजर हा त्यांचे कार्यक्रम जमवणारा, कायम घाईत असणारा माणूस. तो म्हणाला, "डॉक्टर, दाराशिवाय तुमचं भाषण म्हणजे चाकाशिवाय गाडी." डॉक्टर त्याच्यावर खेकसले.

कार्यक्रम एका कंपनीच्या विक्रेत्यांसाठी होता. सुट्टीच्या दिवशी साहेबांच्या हुकमावरून आलेली माणसं ती. चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे. पहिल्या रांगेत कडेला डॉक्टरांची बायको आणि तिच्या शेजारी माऊ. बारीक झाली होती, केस कापले होते. सुरुवातीच्या विनोदाला ती चक्क हसली. डॉक्टरांचं काळीज सुपाएवढं झालं. आता हिच्या लग्नात आपण कोणता कोट घालायचा, इथपर्यंत त्यांचं मन बोलता बोलता जाऊन आलं.

मग आला गवंडी आणि घात झाला. गवंड्यानं वीट लावली, गवंड्यानं भिंत बांधली, पण सभागृहात पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या रांगेतल्या एका जाड्या माणसानं मान मागे टाकून आ वासला. कुणी फोन बघायला लागलं. दोघंतिघं उठून बाहेर गेली आणि परत येण्याचं चिन्ह दिसेना. डॉक्टरांच्या पाठीला घाम फुटला. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर सभागृह कधी असं निवलं नव्हतं. पडद्याआडून मॅनेजर हातांनी हवेत चौकोन काढत होता. दार, दार. डॉक्टरांनी मान हलवली. नाही.

मान नाही म्हणत होती आणि जीभ तोवर निघाली होती. जिभेला हाड नसतं हे खरं, पण हिला तर लगामही नव्हता.

"थंडगार फरशी होती," डॉक्टर म्हणाले. "आणि मी दाराबाहेर बसलो होतो."

थांबावं असं त्यांना वाटलं. देवाशपथ वाटलं. पण जाड्या माणसानं डोळे उघडले, फोन खाली गेले आणि सगळं सभागृह त्यांच्याकडे ओढलं गेलं. ती ओढ ज्यानं चाखली त्याला विचारा. आपण नाव कुठे घेतोय, डॉक्टरांनी स्वतःला समजावलं. तिला कळेल आपली अडचण. उलट अभिमानच वाटेल. अशी समजूत घालत घालत त्यांनी गोष्ट पुरी केली, गुडघ्यांच्या कळांसकट आणि कडी सरकल्याच्या आवाजासकट. पहिल्या रांगेकडे मात्र एकदाही बघितलं नाही.

दाराच्या गोष्टीमागून नेहमीचा प्रयोग यायचा. तो आपोआप आला. डॉक्टरांनी खिशातून स्वतःचा फोन काढून उंच धरला. "आता सगळ्यांनी आपापला फोन काढा. ज्यानं तुम्हाला दुखावलंय त्याला लावा. 'मी तुला माफ केलं' एवढंच म्हणा, आणि ठेवून द्या. ठेवला की मोठ्यानं म्हणा, सोडलं!"

सभागृहात एकच कलकलाट झाला. कुणी भावाला फोन लावला, कुणी जुन्या भागीदाराला, एकीनं तर शेजारी बसलेल्या साहेबालाच लावला. इकडून 'सोडलं!', तिकडून 'सोडलं!' एवढ्यात डॉक्टरांच्या उंच धरलेल्या हातातला फोन वाजायला लागला.

फोनच्या पडद्यावर नाव होतं, माऊ.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? फोन कानाला लावला असता. पण डॉक्टरांना आनंदाचं भरतं आलं. पोरीनं माफ केलं! तेही इथे, सगळ्यांसमोर! त्यांनी हात करून लोकांना गप्प केलं, फोनचा आवाज मोठा केला आणि तो माइकजवळ धरला. आपल्या पायावर माणूस धोंडा पाडून घेतो तो असा, वाजतगाजत.

"बाबा," माऊचा आवाज सभागृहभर घुमला. "मी दार लावून घेतलं त्या दिवशी तुम्ही घरी नव्हता. स्टुडिओत होता. दाराबाहेर आई बसली होती. ती काहीच बोलली नाही. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता, म्हणून मी कडी काढली."

डॉक्टरांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. बायको एकटीच बसली होती. शेजारची खुर्ची रिकामी होती.

"मी तुम्हाला माफ केलंय. खरंच केलंय," आवाज म्हणाला. "लग्नाला येऊ नका. ठेवते."

छे, असं कसं होईल? डॉक्टरांना ती फरशी आठवत होती. तिचा गारवा आत्ता, उभ्या उभ्या, मांड्यांना जाणवत होता. त्यांनी न्हाणीघराच्या दाराचा रंग आठवून बघितला. रंग आठवेना. आठवला तो मेकअपवाला, मानेवर पावडर लावणारा, आणि कानाशी बायकोचा घाबराघुबरा आवाज: 'अहो, हिनं आतून कडी लावून घेतलीय.' आणि आपण म्हणालो होतो, 'बोलत राहा तिच्याशी. माझं रेकॉर्डिंग सुरू होतंय.' पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, हे त्यांनी लोकांना शेकडो वेळा समजावून सांगितलं होतं. आज त्यांना ते पहिल्यांदा समजलं. आपण खोटं बोलत आलो, याचा धक्का होताच. पण आपण खोटं बोलतोय हे आपल्यालाच माहीत नव्हतं, या धक्क्यानं ते गारठून गेले.

सभागृहात मागून कुणीतरी टाळी वाजवली. दुसऱ्यानं साथ दिली. बघता बघता सगळे उठून उभे राहिले आणि एका सुरात ओरडले, "सोडलं! सोडलं!" हा सगळा ठरवून बसवलेला भाग आहे, असंच सगळ्यांना वाटलं होतं. जाडा माणूस डोळे पुसत होता. पडद्याआड मॅनेजर दोन्ही अंगठे वर करून नाचायचा बाकी होता.

डॉक्टर पळत सुटले. कानाला माइक तसाच, त्यांची धाप आत कर्ण्यांमधून ऐकू येत होती. त्यामुळे लोकही मागोमाग बाहेर आले. आता पुढे काय, म्हणून.

फाटकापाशी टॅक्सी उभी होती. माऊचा एक पाय आत, एक बाहेर. डॉक्टरांची बायको दुसऱ्या दारानं बाहेर पडून केव्हाच तिच्याजवळ पोचली होती. डॉक्टरांना बघून माऊ थांबली. हे महत्त्वाचं आहे, ती थांबली.

"बोला," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"माऊ, चुकलो मी," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या घशातून आवाज निघत नव्हता. "मी नव्हतो गं तिथे. मला कळलंच नाही, मी नव्हतो ते."

माऊनं बाहेरचा पाय आत घेतला नाही. आतला पायच थोडा बाहेर आला. आईनं तिच्या कोपराला धरलं होतं, ती पकड सैल झाली.

इथं थांबले असते तर! पण मागे लोकांचं कडं जमलं होतं, आणि त्यातून एक बारीकसा सुस्कारा आला. डॉक्टरांचा आवाज आपोआप सुटला, खर्जात गेला. "मी दाराबाहेर नव्हतो. मी कुठल्याच दाराबाहेर नव्हतो. ज्या बापाला लेकीच्या दाराबाहेर गप्प बसता येत नाही..." इथे ते थांबले. जिथे थांबायला हवं, अगदी तिथेच. "त्यानं जगाशी बोलून काय मिळवलं? आज मी तुम्हा सगळ्यांना विचारतो..."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या आवाजानं डॉक्टर भानावर आले. समोर त्यांना चेहरे दिसले. पुष्कळ चेहरे, ओले डोळे, उंचावलेले फोन. माऊ कुठेच दिसेना. मग त्यांना कळलं, की आपण तिच्याकडे पाठ करून उभे आहोत. आपण कधी वळलो? त्यांना काहीही आठवत नव्हतं. ते गर्रकन मागे फिरले. टॅक्सी वळणावर पोचली होती.

बायको तेवढी जागेवर उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, निव्वळ थकवा होता.

"तुम्ही 'सगळ्यांना' म्हणालात, तेव्हा बसली ती गाडीत," ती म्हणाली. "लग्नाला मी जाणार आहे." आणि पर्स खांद्यावर नीट करून ती बसथांब्याकडे चालायला लागली.

तिला हाक मारायला डॉक्टरांनी तोंड उघडलं. मागे माणसं गप्प झाली, ऐकायला पुढे सरकली. आता आपण काहीही बोललो तरी त्याचं भाषणच होणार, या भीतीनं ते तोंड तसंच उघडं राहिलं.