तोंड दाखवायचा कार्यक्रम

मी आशा. म्हणजे नाव काजल, काम आशाचं. समुद्रपूरच्या पुढे आमची गोंडांची वस्ती आहे, आणि तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करून घ्या म्हणून तिथे मी घसा कोरडा करत फिरते. "मले काय झालं? धडधाकट आहो," म्हणतात आणि तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा कोंबतात. दोन शिबिरं अशीच गेली. डॉक्टर आले, चहा प्यायले, गेले.

या खेपेला मात्र काळजी माझ्याच घरात होती. माझे सासरे बाबाराव ठेच्याशिवाय न जेवणारे, ते वरणातली मिरचीसुद्धा वेचून टाकू लागले होते. एकदा त्यांनी लांबलचक जांभई दिली आणि गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. पण बोलणार कशी? आमच्या घरात सून सासऱ्यासमोर मान वर करत नाही, मग "आ करा" कुठून म्हणणार? नवऱ्याला पाठवलं, तर तो शिव्या खाऊन परत आला.

तिसऱ्या शिबिराला डॉक्टर वेदश्री कुमरे येणार असं कळलं. गोंडाची पोरगी, आणि लग्न व्हायचंय! हे माझ्याच तोंडून निसटलं आणि वस्ती पेटली. आमच्यात सोयरीक जमवताना आधी कुळाचे देव मोजतात. सारख्या देवांची घरं भाऊ-भाऊ, त्यांच्यात लग्न होत नाही. आम्ही सहा देवांचे. लक्ष्मणराव, ज्यांना जगातलं सगळं ठाऊक असतं, ते ठासून म्हणाले, "कुमरे म्हंजे सात देवाचे. जमते!"

झालं! शिबिराच्या सकाळी शाळेसमोर ही गर्दी! ज्या पोरांना अंघोळीचं वावडं, ती तेल थापून रांगेत. माझा दीर रजत भर उन्हात कोट घालून आला. कुणाचा, देव जाणे. बाबाराव मुलाचे बाप म्हणून पांढरंशुभ्र धोतर नेसून पुढेच बसले. मला सगळं कळत होतं. मी मुद्दाम गप्प राहिले.

"खर्रा खाता?" डॉक्टरीणबाईंनी रजतला विचारलं.

"नाई जी, कधीच नाई."

"मंग उघडा तोंड. आपली तीन बोटं उभी घाला आत."

खर्ऱ्यानं आखडलेल्या जबड्यात गाडी दीड बोटावर अडली. मागून कुणीतरी म्हणालं, "पोरगी लय चौकस हाय. दात पाहून पोरगा पसंत करून राह्यली!" ज्याचं तोंड उघडत नाही तो नापास, अशी आवई उठली. मग रांगेतले सगळे, म्हातारेकोतारेही, उभ्याउभ्या आ करायचा सराव करू लागले.

बाबारावांनी तर घशापर्यंत तोंड उघडलं. सोयरिकीत कमी पडायचं नव्हतं ना! डॉक्टरीणबाई बॅटरी धरून बराच वेळ पाहत राहिल्या.

"बाबा, हे वर्ध्याले दाखवा लागते. लवकर गेलं तर इलाज सोपा."

बाबारावांनी खटकन तोंड मिटलं. "ते मंग पाहू. पयले सोयरिकीचं बोला."

लक्ष्मणरावांनी देवांचा सगळा हिशोब सांगितला. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "अवो, आमच्या कारंज्याकडचे कुमरे सहा देवाचे! मी तर तुमचीच लेक झाली."

रांग फुटली. रजतनं कोट काढून खांद्यावर टाकला. लक्ष्मणरावांना एकाएकी घरी काम आठवलं. बाबाराव उठले, धोतर झटकलं आणि निघाले. मी मनात म्हटलं, हा हट्टी माणूस आता वर्ध्याला जात नाही, मेलं ते शिबिर!

पण शाळेच्या दारात ते थबकले. लेक पहिल्यांदा वस्तीत आलेली, तिला रिकाम्या हातानं कशी पाठवायची? माझ्याशी ते थेट बोलत नाहीत, म्हणून भिंतीला म्हणाले, "पोरीसाठी लुगडं आणा म्हणा."

"लुगडं नको, बाबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लेकीले काही द्याचंच असन, तर सोमवारी वर्ध्याले या. मी दवाखान्याच्या दारात उभी राहीन."

आता आली का पंचाईत! लेकीनं तोंडानं मागितलेलं नाही म्हणायची आमच्यात सोय नाही. बाबाराव धोतराचा सोगा चाळवत उभे राहिले.

"येतो," ते शेवटी म्हणाले.

मी पदर डोळ्यांवर ओढून खुशाल रडले. बाबाराव पुन्हा भिंतीकडे वळले. आवाज एकदम बारीक झाला होता.

"सुनेले संग चाल म्हणा. मले भेव लागते."