गॅरेट वाइनिंगर संघाबरोबर आहे

“पोरगं तुम्ही नेलंत. आता ते कुठे आहे हे मी कुणाला विचारू?”

नदीन केसिंगरनं हे तिसऱ्यांदा विचारलं. फोन तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवा ठेवला होता, कारण दोन्ही हात तिला वहीसाठी हवे होते. डाव्या हाताचं बोट एका नावाखाली होतं, उजव्या हातात पेन्सिल होती आणि त्या नावापुढची जागा कोरी होती.

पलीकडचा माणूस विद्यापीठाच्या क्रीडा विभागातला होता. आवाज तरुण, इस्त्री केल्यासारखा.

“मॅडम, खेळाडू सज्ञान आहे. त्याची वैयक्तिक माहिती आम्ही देत नाही.”

“वैयक्तिक? उंची सहा फूट सात इंच, वजन दोनशे अठरा पौंड. दोन्ही हात पसरले की किती भरतात तेही तुम्ही साऱ्या जगाला सांगितलंत. बुटाचा नंबरसुद्धा! आणि तो धड आहे की नाही, एवढंच तेवढं वैयक्तिक?”

“आपण नातेवाईक आहात का?”

नदीनची पेन्सिल थांबली.

“मी त्याच्या गावची आहे.”

“मग माफ करा,” तो म्हणाला, आणि तिचा दिवस छान जावो असं सांगून त्यानं फोन ठेवला.

सकाळी सात वाजता तिनं विद्यापीठाच्या संघाची यादी उघडली होती. दर मंगळवारी उघडायची. चौदा नावं होती तिथं तेरा दिसली. गॅरेट वाइनिंगरचा फोटो नाही, नाव नाही, काल होता याची खूणही नाही. भिंतीवरची तसबीर काढली तर निदान चौकोनी डाग तरी उरतो.

तिच्या गावातल्या, हॅलर्डमधल्या, चुनखडीच्या खाणी बंद पडल्या, मग खुर्च्यांचा कारखाना गेला, मग एकुलता एक दातांचा डॉक्टर गेला. शाळेचं बास्केटबॉलचं सभागृह तेवढं राहिलं. त्यात साडेतीन हजार माणसं बसतात आणि गावात एकूण माणसं आहेत दोन हजार नऊशे. इंडियानात हे कुणाला विचित्र वाटत नाही. पोरगं नववीत सहा फुटांच्या वर गेलं की ते आईबापाचं राहत नाही. पेट्रोल पंपावर लोक त्याच्या पोटऱ्या बघतात. न्हावी त्याच्याकडून पैसे घेत नाही. पुढे ते कॉलेजात गेलं, तिथून पोलंडला नाहीतर तुर्कस्तानला पगारावर खेळायला गेलं, तरी गाव त्याला सोडत नाही. दर बुधवारी साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर ‘आपली पोरं’ नावाचं सदर येतं. कुणी कुठे किती गुण केले, फळीवरून उसळलेले किती चेंडू, म्हणजे रिबाउंड, पकडले, किती मिनिटं खेळला. लोक पहिलं पान सोडून आधी तेच वाचतात. मेयर मेला त्या आठवड्यातही आधी तेच वाचलं.

ते सदर नदीन लिहायची. शाळेच्या सामन्यांची गुणवहीसुद्धा एकोणतीस वर्षं तिच्याच हातात होती.

आणि त्या सदराचा एक रिवाज होता. शून्य छापायचं नाही. बावीस वर्षांपूर्वी एकदा छापलं होतं. त्या पोराची आई किराणा दुकानाच्या रांगेत उभी असताना मागून कुणीतरी म्हणालं, “काय गं, तिकडे पोराला पाणी वाटायला ठेवलंय का?” बाई भरलेली गाडी तिथंच सोडून बाहेर पडली आणि त्या दुकानात पुन्हा कधी आली नाही. तेव्हापासून जो खेळला नाही त्याच्या नावापुढे एकच वाक्य येतं: संघाबरोबर आहे. आजारी असो, बेंचवर बसलेला असो, प्रशिक्षकाच्या मनातून उतरलेला असो. गावाला ते बरं वाटायचं. गावाला खरं कुठे हवं असतं?

एक आठवडा सोडला तर गॅरेट वाइनिंगर गेले बारा आठवडे संघाबरोबर होता.

नोव्हेंबरात, तिसऱ्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. नदीननं आकड्यांवरून ओळखलं: अकरा मिनिटं, आणि मग सगळे रकाने कोरे. तिनं त्याला विचारलं, तर त्यानं लिहून पाठवलं: नदीनबाई, आईला कळवू नका. ती नोकरी सोडून इकडे येऊन बसेल. फेब्रुवारीपर्यंत बरा होतो. नदीननं उत्तर दिलं: माझ्या तोंडून जाणार नाही. शब्द देताना तिला जरा मोठेपणा वाटला होता, हेही खरं.

आता तोच फोन पुन्हा वाजला. विद्यापीठात सामन्याचे आकडे टिपणारी मारिसोल होती. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण दोन हंगाम एकमेकींच्या बेरजा तपासल्या होत्या.

“नदीनबाई, मी जिन्यात उभी आहे, पटकन बोलते. गॅरेट शुक्रवारीच गेला. खोली रिकामी करून, गाडी घेऊन. कुठे ते कुणालाच सांगितलं नाही.”

“काढला त्याला?”

“दुखापतीच्या रजेवर असताना बाहेर सामना खेळला म्हणून. डॉक्टरांनी साधं पळायचीही परवानगी दिली नव्हती हो. गुडघा परत फाटलाय. आता पुढे खेळणं...” तिनं वाक्य सोडून दिलं.

“त्यांना कळलं कसं?”

जिन्यातून कुणीतरी गेल्याचा आवाज आला. मारिसोल तो विरेपर्यंत थांबली.

“तुमच्या पेपरातून. कुणीतरी पान पाठवलं. बावीस गुण, नऊ रिबाउंड. खाली तुमचं नाव होतं.”

नदीननं पेन्सिल वहीच्या मध्ये ठेवली आणि वही मिटली.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी हॅलर्डमध्ये माजी खेळाडूंचा सामना होतो. टक्कल पडलेले, पोट सुटलेले खेळतात, गाव हसतं. जी पोरं त्या वर्षी कॉलेजात खेळत असतात ती फक्त पहिला चेंडू टाकतात, हात हलवतात आणि खाली बसतात. ह्या वर्षी गॅरेट चेंडू टाकायला उभा राहिला आणि वरच्या बाकांवरून कुणीतरी त्याच्या नावाचा घोष सुरू केला. मग पाय आपटायला लागले. तीन हजार माणसं लाकडावर पाय आपटतात तेव्हा छातीत ऐकू येतं. वहीत नाव असल्याशिवाय मैदानात पाऊल टाकता येत नाही, हॅलर्डमध्ये हा नियम म्हाताऱ्यांच्या गंमतीच्या सामन्यालाही आहे, आणि सामना सुरू व्हायच्या ठरावीक वेळ आधी ती यादी बंद होते. वही नदीनसमोर होती. तिनं नाव लिहिलं. आणि त्या आठवड्यात, कितीतरी दिवसांनी, तिला त्याच्या नावापुढे आकडा लिहिता आला. तो तिनं ठळक अक्षरांत द्यायला लावला.

तिनं कोट चढवला आणि ती शेरीफच्या कचेरीत गेली. तिथल्या माणसानं सगळं नीट ऐकून घेतलं. सज्ञान माणूस स्वतःच्या गाडीत बसून निघून गेला तर त्याला हरवला म्हणता येत नाही, असं तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, “पण ह्या शनिवारी खेळणार होता ना तो?”

तिथून ती वृद्धाश्रमात गेली. गॅरेटची आई शेली तिथं म्हाताऱ्यांचं करायची. दुपारच्या जेवणाची वेळ होती. शेली ऑर्व्हिल टेटला मक्याचं सूप भरवत होती. ऑर्व्हिल चौऱ्याऐंशी वर्षांचा. एके काळी गावाच्या संघाचा सेंटर, सगळ्यांत उंच खेळाडू होता, आणि अजून खुर्चीत मावत नव्हता.

“आली बघ केसिंगर!” तो ओरडला. “काय गं, माझे आकडे कधी छापणार? काल दोनदा लघवीचं भांडं चुकवलं मी.”

“चुकवलं नाहीस, ऑर्व्हिल, पाडलंस,” शेली म्हणाली. “आणि ते पुसलं मी. माझे छापा, नदीनबाई.” ती हसत होती. “बसा ना. कोट का घातलाय अजून?”

“शेली, गॅरेट तुझ्याशी कधी बोलला?”

“रविवारी. का हो?”

“काय म्हणाला?”

“चौदा केले म्हणाला. खोकला झालाय, आवाज बसला होता.” शेलीनं चमचा फुंकला. “बुधवारी छापाल तेव्हा चौदाच लिहा हं. मागच्या वेळीही तुम्ही नुसतं ‘संघाबरोबर’ लिहिलंत, आणि तो मला म्हणाला होता आठ केले. मी म्हटलं, नदीनबाईंचं वय झालं.”

ऑर्व्हिलनं तोंड उघडलं होतं. चमचा आला नाही म्हणून त्यानं ते मिटलं.

नदीननं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, क्रमानं, तारखांसह, जसे ती आकडे वाचून दाखवायची. नोव्हेंबरातला गुडघा. त्यानं पाठवलेला मजकूर. यादीतून गेलेलं नाव. रिकामी खोली. शेवटी पेपरातलं पान. तेही गाळलं नाही.

शेलीनं वाटी खाली ठेवली, ऑर्व्हिलची हनुवटी पुसली, मग पुन्हा पुसली, कोरडी होती तरी. खिशातून फोन काढून कानाला लावला. पलीकडे घंटी वाजलीच नाही. तिनं फोन खाली घेतला, बघितला, परत लावला. मग ती भिंतीवरच्या खुंटीकडे गेली, तिथून गाडीच्या किल्ल्या काढल्या आणि दारापर्यंत पोहोचली.

दारात ती थांबली. बाहेर रस्ता होता. डावीकडे लुईव्हिलला जाणारा, उजवीकडे इंडियानापोलिसला. किल्ल्या मुठीत धरून ती बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिली.

“कुठल्या बाजूला जाऊ?” ती म्हणाली. हे तिनं नदीनला विचारलं नव्हतं.

“आपण दोघी जाऊ. मी चालवते,” नदीन म्हणाली. “विद्यापीठ नऊ तासांवर आहे. तिथं कुणीतरी...”

“तिथं तो नाही. तुम्हीच सांगितलंत आत्ता.”

ऑर्व्हिल मागून म्हणाला, “काय झालंय? पोरगं पडलं का?”

“नाही, ऑर्व्हिल,” शेली म्हणाली. “जेव तू.”

पण भरवायला ती परत गेली नाही. दारातच उभी राहिली, पाठ चौकटीला टेकून.

“त्या दिवशी मी तुमच्या मागेच बसले होते,” ती म्हणाली. “तुमच्या टेबलाच्या मागे, पहिल्या रांगेत. सगळ्यांत जास्त मी ओरडत होते. जा रे, जा रे, करत होते. मला वाटत होतं पोरगं आठवड्याला दोन सामने खेळतंय, त्याला ह्या म्हाताऱ्यांत काय होणार. पेपरात तर दर बुधवारी...” ती थांबली. “तो तुमच्या टेबलाशी आला.”

“हो.”

“वाकला. तुम्हाला काहीतरी विचारलं त्यानं. गोंगाटात मला सगळं ऐकू आलं नाही, पण एवढं आलं. ‘यादी बंद झाली असेल ना, नदीनबाई?’”

नदीनला तो पंजा आठवला. वाकताना त्यानं तो वहीवर ठेवला होता, पालथा, बोटं पसरून. खालची शेवटची कोरी ओळ त्याखाली पूर्ण झाकली गेली होती. तिला वाटलं होतं, आधाराला ठेवलाय. तिनं दोन बोटांनी तो हलकेच बाजूला सारला होता. मग भिंतीवरचं घड्याळ बघितलं होतं, कारण बरोबर वेळ सांगणं हेच तिचं काम होतं.

“तीन मिनिटं शिल्लक होती, शेली,” ती म्हणाली. “नियमानं यादी उघडी होती.”

“तुम्ही किती खूश होऊन सांगितलंत ते. ‘आहेत की अजून तीन मिनिटं!’ मी टाळ्या वाजवल्या.” शेलीचा आवाज चढला नव्हता. आत जेवणाच्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला होता आणि दोन-तीन म्हाताऱ्या मान वळवून बघत होत्या. “मला वाटलं लाजतोय पोरगं. मला काही माहीत नव्हतं, नदीनबाई. त्याच्या पायाचं त्या अख्ख्या सभागृहात दोनच माणसांना माहीत होतं. एक तो. त्याला तीन हजार माणसांसमोर नाही म्हणता येईना, म्हणून तो तुमच्याकडे आला.”

नदीननं कोटाचं वरचं बटण काढलं, परत लावलं.

“‘झाली बंद,’” शेली म्हणाली. “दोन शब्द. शिव्या दिल्या असत्या लोकांनी तुम्हाला, घरी जाऊन विसरले असते. बारा आठवडे त्याच्यासाठी खोटं लिहिलंत ना? मग त्या तीन मिनिटांतच कसा तुम्हाला खरेपणा आठवला? मान खाली घालू नका. माझ्याकडे बघा आणि सांगा. काय जात होतं तुमचं?”