ठमीचा रुसवा

तळहातावर एकच तपकिरी दाणा – मधे भोक, कडेला तेलाची चकाकी – आणि आतल्या खोलीत सलाइन लावलेली ठमी मांजर. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या तिच्या मालकिणीनं दाणा पुन्हा नाकाशी नेला. शी! इतका खवट वास, आणि आपण तो मांजराच्या खाण्याचाच म्हणून खुशाल चालवून घेतला... तोंडात एक खवट शेंगदाणा आला तरी थू थू करत मोरीकडे धावणारी मी!

नोकरीसाठी दूर जाताना लेक बजावून गेली होती, "आई, टिकवायची रसायनं घातलेलं काही देऊ नकोस हं हिला." नाही दिलं. शोधून शोधून बिनरसायनाचं आणलं, चांगलं पोतंभर, आणि ओतलं मोठ्या डब्यात. डबा तळाला जायच्या आत वरून नवं ओतायचं – घरात रिकामा डबा दिसता कामा नये, ही सासूबाईंची शिस्त अंगात मुरलेली. तळाचं जुनं मात्र तळाशीच... तो डबा घासायला म्हणून कधी काढलाच नाही.

"मावशी, रसायन नव्हतं हा दोष नाही," डॉक्टरीणबाई मघाशी हलक्या आवाजात म्हणाल्या होत्या. "पण मग असलं खाणं थोडं आणायचं, लवकर संपवायचं. जुनं खवट तेल नव्यालाही नासवतं. आणि मांजर उपाशी राहिलं की त्याचं यकृत बिघडतं. इतके दिवस थांबायला नको होतं हो."

"वाचेल ना?"

"आजची रात्र जाऊ दे. उद्या सांगते."

थांबले कशाला मी? तर ती रुसलीय असं वाटलं म्हणून. ठमी वाटी हुंगायची, पाठ फिरवायची, दाराशी जाऊन बसायची – आणि आपण "पुरे गं तुझी थेरं" म्हणत तीच वाटी पुन्हा तिच्या नाकाखाली सरकवायची. लेकीला फोनवर सांगितलंसुद्धा, "तुझ्यावाचून घास उतरत नाही बघ हिच्या घशाखाली." पलीकडे लेक हुंदके देऊन रडली. आणि तेव्हा – खोटं कशाला बोला – किती बरं वाटलं होतं जिवाला!

पर्समधला फोन थरथरू लागला. लेकच असणार.

ठमी बिचारी कुणावर रुसली नव्हती. हे खराब आहे, एवढंच ती आपल्या परीनं धडधडीत सांगत होती. घास उतरत नव्हता तो आपल्याच घशाखाली... आणि नाव लावलं मुक्या जिवाचं.

फोन थरथरतच होता. मुठीत दाणा चुरला, बोटं तेलकट झाली. "जेवली का गं ती?" – लेक एवढंच विचारणार होती, आणि आज पहिल्यांदाच आईला वाटलं, हे आपल्यालाही कुणीतरी विचारावं.