रेघेच्या आत

अक्कलदाढ काढून ती घरी आली तेव्हा नवरा म्हणाला होता, “होती नव्हती तीही गेली म्हणायची,” आणि ती गाल धरून हसलीही होती, पण पुढे गाल लिंबाएवढा सुजला, ताप चढला, लाली जबड्याखालून मानेकडे उतरू लागली, तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कोटाच्या खिशातून निळं पेन काढलं, लालीच्या कडेने तिच्या मानेवर रेघ ओढली आणि बजावलं, “लाली ह्या रेघेबाहेर गेली तर वाट बघत बसू नका. थेट हॉस्पिटलात. हा संसर्ग छातीत उतरायला वेळ लागत नाही.” रेघ पुसट झाली तर गिरवायला पेनही तिलाच देऊन टाकलं.

मुळात ती गॅस बंद केला का हे पाहायला अर्ध्या जिन्यातून परत येणारी बाई. आपल्यामागे लेकीची वेणी कोण घालेल, इथपर्यंत तिचं मन केव्हाच पोचलं होतं. अशा बाईच्या हातूनच तोंड धुताना रेघ पुसली जावी, हे नवलच. तिने अंदाजाने नवी ओढली. जरा खालीच गेली. दुपारी पाहिलं तर लाली बरोबर त्या रेघेला येऊन टेकली होती.

घाबरायचं सोडून तिला कुतूहलच वाटलं. तिने ती पुसून दुसरी रेघ वर, जबड्याच्या कडेला ओढली. संध्याकाळपर्यंत लाली निमूट वर सरकली.

“औषध लागू पडलं,” नवरा म्हणाला.

“हो ना,” ती म्हणाली, आणि आरशासमोर रेघेचं रिंगण लहान लहान करत गेली; आधी नाण्याएवढं, मग मसुराएवढं. लेक शेजारी स्टुलावर चढून, जिभेचं टोक बाहेर काढून, सगळं न्याहाळत असायची.

शेवटचा ठिपका पुसला त्या सकाळी ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. मग पेन टाकून द्यावं म्हणून गेली, तर ते आरशापाशी नव्हतं.

लेक पलंगाच्या पलीकडे, भिंतीला टेकून बसली होती, फ्रॉक वर गोळा करून. गालावरून निघालेली निळी रेघ मानेवरून, छातीवरून उतरत, पोटाला वळसा घालून परत वर आली होती. टोकं अजून जुळली नव्हती.

“दे बरं ते पेन, चिऊ,” ती जमेल तितक्या हळू म्हणाली आणि तिच्या गालाला हात लावला. गाल गरम होता.

लेकीने मान वर केली नाही.

“थांब ना गं आई. एवढंच राहिलंय.”